बाबा, एफडी मोडू नका

पुणे, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाळाच्या नाळेचं रक्त साठवायचा विषय काढला की बाबा, तुम्ही "पैशाचं तू बघू नकोस" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. आई विचारते, जेवलीस का. झालं. म्हणून आज पत्रच लिहायला बसले. अक्षराला नावं ठेवा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात तुम्ही इथे होतात तेव्हा तो स्टेम सेल बँकेचा मुलगा आला होता. त्याला माझा नंबर आणि सातवा महिना कुणी सांगितला, हे मला अजून कळलेलं नाही. आईने त्याला पोहे दिले, त्याने तुम्हाला "आजोबा, ही संधी आयुष्यात एकदाच येते" असं सांगून ती चकचकीत पुस्तिका दिली. नाळेतलं रक्त साठवायचे ७५ हजार. ऐंशीहून जास्त आजारांची यादी. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, पण तुमचं बोट यादीत कुठे थांबलं ते मी पाहिलं. ब्लड कॅन्सर.

बाबा, तुम्ही कधी सांगत नाही, पण आईने मला सगळं सांगितलंय. काकांच्या दादाला घेऊन तुम्ही आणि काका मुंबईला गेलात, तीन महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलात. ताईचं रक्त जुळेल म्हणून तिला गावाहून बोलावलं, ते जुळलं नाही. काकूचं निम्मंच जुळलं. दादा गेला तेव्हा मी चार वर्षांची होते, मला फक्त त्याचा निळा स्वेटर आठवतो. त्या मुलाने "तेव्हा हे असतं तर" असं नुसतं सुचवलं आणि मनातल्या मनात तुम्ही एफडी तिथेच मोडली. त्याचा धंदा आहे, त्याला काय बोलणार. पण मी रक्तपेढीत नोकरी करते आणि या पिशव्यांशी माझा रोजचा संबंध आहे, तर माझंही ऐका.

नाळेतल्या रक्तात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, असतात, हे अगदी खरं. मोठ्या माणसात त्या हाडांच्या मगजात असतात. आजारी मगज औषधांनी संपवायचा आणि दुसऱ्याच्या निरोगी पेशी शिरेतून सोडायच्या, त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त करू लागतात. हे काही कालचं नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ सालीच असं प्रत्यारोपण झालं होतं. नाळेच्या रक्ताने पहिल्यांदा झालं ते १९८८ साली, पॅरिसमध्ये. पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा, फॅन्कोनी ॲनिमिया नावाचा जन्मजात आजार. त्याच्या बहिणीच्या जन्माच्या वेळी नाळेचं रक्त गोठवून ठेवलं होतं, ते विमानाने पॅरिसला नेलं आणि डॉ. एलियान ग्लुकमन यांनी त्याला दिलं. मुलगा जगला, मोठा झाला.

आता यात नीट बघा. रक्त त्याचं स्वतःचं नव्हतं, बहिणीचं होतं. सगळी मेख इथे आहे. पुस्तिकेतली ती यादी खोटी नाही, पण त्यातले बहुतेक आजार दुसऱ्याच्या पेशींनी बरे होतात. थॅलेसेमिया घ्या. तो जनुकातला दोष. बाळाला थॅलेसेमिया असेल तर नाळेतल्या पेशींतही तोच दोष. किडलेल्या बियाण्याचं पोतं कोठारात कितीही जपून ठेवलं तरी पेरल्यावर तेच उगवणार ना?

आणि ब्लड कॅन्सर. हे लिहायला मला जड जातंय. दादाच्या जन्माच्या वेळी त्याची नाळ उणे १९६ अंशांत ठेवली असती, तरी डॉक्टरांनी ती बहुधा वापरली नसती. लहान मुलांच्या कितीतरी ल्युकेमियांत, म्हणजे ब्लड कॅन्सरांत, आजाराचं बीज जन्माच्या वेळीच रक्तात असतं, हे नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या जुन्या रक्ताच्या ठिपक्यांवरून सिद्ध झालंय. शिवाय परक्या पेशी उरल्यासुरल्या कॅन्सरवर तुटून पडतात, तोच त्यांचा खरा फायदा. स्वतःच्या पेशी त्याला घरचाच समजतात.

म्हणजे बाबा, तुमच्याकडून काही राहून गेलेलं नाही.

उलट तेव्हा जे नव्हतं आणि आज आहे, ते वेगळंच आहे. काकूचं निम्मं जुळलं होतं. आईचं आणि बापाचं मुलाशी निम्मं जुळतंच. तेव्हा निम्म्यावर प्रत्यारोपण करणं म्हणजे रुग्णाला आगीत ढकलणं होतं. आता पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुनंच औषध देतात, त्याने रुग्णाच्याच शरीरावर उठणाऱ्या भांडखोर पेशी मरतात आणि कामाच्या टिकतात. त्यामुळे आज आई, वडील, निम्मा जुळणारा भाऊ, कुणीही दाता होऊ शकतो. याच कारणाने जगभरात नाळेच्या रक्ताचा वापर कमी होत चाललाय. शिवाय एका नाळेतून जेमतेम चहाच्या कपाएवढं रक्त मिळतं. लहान मुलाला पुरतं, मोठ्या माणसाला अनेकदा दोन पिशव्या लागतात. आणि हा मुलगा म्हणतो, आयुष्यभराची काळजी मिटली!

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की पुढे स्वतःसाठी वापरायला नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. घरात आधीचं मूल अशा आजाराचं असेल आणि आई पुन्हा गरोदर असेल, तर मात्र जरूर साठवावं. तशी वेळ असती तर मीच तुमच्याकडे पैसे मागितले असते, तेही हक्काने. आम्हा दोघांची थॅलेसेमियाची तपासणी झाली आहे, दोघंही वाहक नाही. ती तपासणी काही शे रुपयांत होते आणि त्या पुस्तिकेत तिचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. राग येतो मला.

"आमच्याकडे सगळ्यांच्या पिशव्या एकत्र, कुणाचीही कुणाला मिळते," असंही तो म्हणाला होता. ही भिशी त्यातल्या त्यात शहाणपणाची, मान्य. पण दुसऱ्याच्या पेशी मिळायला भिशीच कशाला हवी? मी चार वर्षांपूर्वी दात्यांच्या नोंदणीत नाव घातलंय. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, एवढंच. कुणाशी जुळलं तर पाचेक दिवस इंजेक्शनं आणि मग प्लेटलेट देताना बसवतात तसं काही तास यंत्राजवळ बसायचं. आई, घाबरू नकोस, अजून कुणाशी जुळलेलं नाही.

आत्याचा कंपवातही या पेशींनी बरा होईल असं त्याने सांगितलं, तेव्हा तर तुम्ही मान डोलावलीत. त्यावर खरं काम चालू आहे, पण ते क्योटोत. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा गर्भातल्या पेशीसारखं कोवळं केलं, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीवर तेच केलं, आणि २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच विद्यापीठात २०१८ पासून अशा पेशींपासून बनवलेल्या मेंदूच्या पेशी कंपवाताच्या सात रुग्णांना दिल्या. २०२५ मध्ये निकाल छापून आले, गंभीर त्रास कुणाला झाला नाही, काहींच्या हालचाली सुधारल्या. सात माणसं, बाबा. म्हणजे उंबरठा ओलांडलाय, घर अजून लांब आहे. आणि यात नाळ कुठेच नाही. त्या पेशी एका निरोगी दात्याच्या रक्तापासून केल्या होत्या. आत्याला सांगा, गोळ्या वेळेवर घे आणि "एका इंजेक्शनात बरं करतो" म्हणणाऱ्या कुणाकडे जाऊ नकोस. आपल्याकडे चाचणीबाहेर अशी इंजेक्शनं द्यायला परवानगीच नाही.

आता माझ्या मनातलं मुख्य. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच कापायची नाही, निदान एक मिनिट थांबायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वेळात वारेतलं रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढचे काही महिने त्याला लोह पुरतं. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या शंभर मुलांतली सदुसष्ट रक्तक्षयाची, हा सरकारी पाहणीचा आकडा आहे. पिशवी भरायची तर त्याच रक्तातून भरायची. नातवाच्या अंगात जाणारं रक्त मी नळकांड्यात का ठेवू? डॉक्टरीणबाईंशी बोलले आहे, त्या थांबतील.

तुम्हाला पैसे द्यायचेच आहेत, मला माहीत आहे, नाही म्हटलं तर तुम्ही रुसाल. मग एफडी राहू द्या, तिचं व्याज घ्या आणि आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घ्या. ती "दिसतं मला" म्हणते, पण परवा तिने चहात मीठ घातलं होतं. मी गुपचूप प्यायले.

आई, तुझी अडचण वेगळी आहे, ती मला कळली. वार हॉस्पिटलातून मिळणार नाही ग, ती हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाते. पण नाळेचा सुकलेला तुकडा आठ-दहा दिवसांनी गळतो, तो आपलाच. माझी वार आजीने न्हाणीमागे शेवग्याखाली पुरली होती ना? बाळाचा तुकडा मी डबीत घालून आणते. शेवगा आहे की बाबांनी तिथे पाण्याची टाकी बसवली, तेवढं कळवा. टाकी असेल तर तुम्ही दोघांनी भांडून दुसरी जागा ठरवून ठेवा.

हळिवाचे लाडू आत्ता पाठवू नका, येताना आणा. तारखेच्या आधी आठ दिवस या.

तुमची,
चिमी