लॅपटॉप घेण्याआधी

नाशिक

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलंस की सीनियरचा २०१९ चा सोळा इंची मॅकबुक प्रो पंचेचाळीस हजारांत मिळतोय. मी ‘बघू’ म्हणाले, पण रात्री झोप लागेना, म्हणून सविस्तर लिहिते. तो घेऊ नकोस.

तू दीड वर्षाचा होतास तेव्हा मी अशोक स्तंभाजवळच्या एका प्रेसमध्ये डीटीपी करायचे. लग्नपत्रिका, अहवाल, २००३ च्या सिंहस्थाची स्मरणिका, सगळं जुन्या मॅकवर, पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये. २००६ मध्ये मालकांनी हौसेने इंटेलचा नवा आयमॅक आणला. हार घातला, पेढे वाटले. मी पेजमेकरवर क्लिक केलं, तर ‘क्लासिक इथे चालत नाही’ अशा अर्थाची एक ओळ आली आणि बस. क्लासिक म्हणजे जुन्या सिस्टिमचे प्रोग्राम चालवायची सोय.

ॲपलने पॉवरपीसी ही जुनी चिप सोडून इंटेलच्या चिपवर जायचं २००५ च्या जूनमध्येच जाहीर केलं होतं. जुन्या चिपसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या चिपला कळत नाहीत, म्हणून मध्ये रोझेटा नावाचा दुभाषी ठेवला होता. पण तो ओएस टेन या मॅकच्या नव्या सिस्टिमचे प्रोग्राम तेवढे चालवायचा, आणि आमचा पेजमेकर त्याही आधीच्या सिस्टिमचा. पेजमेकरनंतरच्या इनडिझाइन या प्रोग्राममध्ये फाइली उघडायच्या, पण ओळी कुठेही तुटायच्या. ऐन लगीनसराईत मी दोन मॅक शेजारी ठेवून, जुन्यावर बघून नव्यावर पत्रिका टाइप केल्या. मुहूर्ताची वेळ चुकू नये म्हणून पट्टी धरून एकेक ओळ ताडून बघायचे. बाबा रात्री दहाला तुला कडेवर घेऊन प्रेसच्या पायरीवर बसलेले असायचे. पुढे २०११ च्या लायन या मॅकच्या सिस्टिममध्ये ॲपलने तो दुभाषीही काढून टाकला.

आता तेच पुन्हा चाललंय. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलची स्वतःची एम१ चिप आली, आणि आता सोडली जातेय ती इंटेल. तुझ्या सीनियरचा २०१९ चा मॅकबुक इंटेलचाच आहे. इंटेल मॅकना मिळणारी शेवटची मॅकओएस ‘टाहो’, हे ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलं. त्यानंतर काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या येतील. तुझ्या सीनियरची मशीन चांगलीच असेल, त्याच्यावर माझा अविश्वास नाही. पण तुझी डिग्री संपायच्या आत तुझी सॉफ्टवेअर एकेक करून नवी मॅकओएस मागू लागतील. पंचेचाळीस हजार तेव्हा खरे महाग पडतील.

एम चिपचा मॅकबुक एअर घे, रॅम सोळा जीबी. पण त्याआधी रोज लागणारे प्रोग्राम आणि प्लगइन कागदावर लिही आणि प्रत्येकाच्या साइटवर बघ, नव्या चिपसाठी आलंय की रोझेटा २ वर चालतं. हा दुभाषीही कायमचा नाही, त्याची मुदत ॲपलने सांगितली आहे. तुझ्या पेन टॅबलेटचा ड्रायव्हर तर आधी बघ. मॅकओएसच्या गाभ्यात बसणारे जुने ड्रायव्हर रोझेटाला चालवता येत नाहीत. कंपनीने नवा काढला नसेल तर काही इलाज नाही. आणि पूर्ण झालेलं प्रत्येक काम पीडीएफ करूनही ठेवत जा. त्या स्मरणिकेची फाइल आज कुठेच उघडत नाही, कपाटात छापील प्रत आहे तेवढीच.

पैशाची काळजी करू नकोस. या महिन्याची भिशी मला लागली आहे, उरलेले बाबा घालतील. यादी झाली की फोटो पाठव, मी आणि बाबा शनिवारी वाचू.

तुझी,
आई