मूत्रपिंड देणाऱ्याची फाइल कुठे आहे?

संपादक महोदय,

3 ऑगस्टला अवयवदान दिन आला की मरणोत्तर दानावर भरभरून लिहून येतं, आणि ते यावंच. पण आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या जिवावर होतात, आणि त्यांत बायका जास्त.

शस्त्रक्रियेआधी दात्याच्या तपासण्या होतात, संमती स्वखुशीची आहे ना हेही पाहिलं जातं. नंतर मात्र पेशंटची फाइल जाडजूड होत जाते आणि दात्याच्या हाती डिस्चार्जचा कागद उरतो. धडधाकट चालत आलेला माणूस आजारी होऊन घरी जातो. नवं मूत्रपिंड चाललं की पेशंट चार दिवसांत तरतरीत दिसतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या दात्याचे पोटात सोडलेल्या वायूमुळे खांदे दुखत असतात, कूस बदलवत नाही. भेटायला येणारे पेशंटच्या खोलीत, आणि दाती सून असली तर महिन्याभरात ओट्यापाशी. जड उचलायचं नाही, असं चार ते सहा आठवडे सांगितलेलं असतं. पाण्याचा हंडा त्यात कुणी धरत नाही!

मग रिपोर्ट येतो. मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आधी 0.7 होतं, आता 1.1, लॅबने ठळक छापलेलं. एकाच मूत्रपिंडावर इतकी वाढ अपेक्षित असते, पण हे आधी न सांगितल्यामुळे दाता कित्येक रात्री जागून काढतो. दिलेलं मूत्रपिंड निकामी झालं, तर ‘माझंच काही कमी पडलं’ ही टोचणी लागते. त्या घरात दात्याला वेगळं बोलावून भेटलंच पाहिजे.

त्यासाठी नवा विभाग उघडायला नको. दात्याचं वेगळं कार्ड करावं. सहा आठवडे, सहा महिने, एक वर्ष आणि पुढे दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन तपासतानाच पीएचक्यू-9 ही नैराश्य ओळखण्यासाठीची नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली भरून घ्यावी. 27 पैकी 10 किंवा जास्त गुण आले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. नववा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा. त्याला ‘हो’ आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी. प्रश्न नातेवाइकांसमोर विचारू नयेत. नवऱ्यासमोर ‘बरं आहे’ हेच उत्तर मिळतं. घरी गेल्यावरही बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक कार्डावरच छापावा.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी 42 दिवसांची विशेष रजा 2023 पासून मिळते. शेतमजूर बाईला तेवढे दिवस कोण देणार, हेही दात्याचं नाव निश्चित करतानाच घरच्यांकडून लिहून घ्यावं.

– एक प्रत्यारोपण समन्वयक, पुणे