मैलाचे दगड जागचे हलवू नका

मा. संपादक,

मुंबईत फोर्टपासून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवरचे ब्रिटिशकालीन मैलाचे दगड पदपथातून उकरून पुन्हा उभे केले गेले, हे उत्तम झाले. मात्र अशा कामात घाई नडते.

इंग्लंडमध्ये टोलच्या रस्त्यांवर १७६७ पासून हे दगड सक्तीचे झाले. वाटसरूची सोय होतीच. पण घोडागाड्यांचे वेळापत्रक आणि बदली घोड्यांचे भाडेही त्यांवरच ठरे. मुंबईत अंतर मोजले ते सेंट थॉमस चर्चपासून. या चर्चचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, झाले १८३७ मध्ये. दगडांवर ‘चर्च’च कोरलेले आहे, म्हणजे ते बहुधा त्याआधीचे.

दगड खचले, असे सर्रास म्हटले जाते. खरे तर रस्ताच वर आला. जुने डांबर न खरवडता थरावर थर चढले, पाठोपाठ पदपथही. म्हणून खोदण्याआधी दगडापासून दोन पक्क्या खुणांपर्यंतची अंतरे टेपने मोजावीत, कोरीव बाजू कुठे तोंड करून आहे ते टिपावे, फोटो घ्यावेत. जेसीबी किंवा ब्रेकर नको. पहार-फावड्याने खोदून दगडालगतची वीतभर माती खुरप्याने काढावी. तासलेला भाग संपून ओबडधोबड भाग सुरू होतो, तिथे साधारणपणे जमिनीची मूळ पातळी असते.

दगड त्याच जागी सरळ वर उचलावा. चौथ्या मैलाचा दगड सुशोभित चौकात नेला, की त्यावरचा आकडा खोटा ठरतो. खाली पाणी निचरण्यासाठी खडी, भोवती चुना. सिमेंटमध्ये गच्च बसवलेला दगड गाडीचा धक्का लागताच जमिनीलगत मोडतो आणि पुन्हा काढायचा झाला तर निघत नाही.

अक्षरांत साचलेला ऑइलपेंट रिमूव्हरचा लेप लावून नायलॉनच्या ब्रशने काढावा. तारेचा ब्रश किंवा वाळूचा मारा अक्षरांच्या कडाच खातो. पुसट अक्षरे टाकीने ‘ठळक’ करणे तर गुन्हाच म्हणावा!

हरवलेला दगड शोधायचा तर जवळच्या, जागच्या दगडापासून १,६०९ मीटर मोजावेत. पण जुन्या नकाशातल्या वळणांवरून, उड्डाणपुलावरून नव्हे. तिथे पदपथाखालीच नव्हे, दुकानाच्या पायरीत आणि झाडाच्या आळ्यातही बघावे.

– एक वाचक, मुंबई