सुध्यास, सांगलीहून

सांगली, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

परवा आयर्विन पुलाजवळ घाटावर बसलो होतो, तेव्हा तू खिशातून ती पेनासारखी वस्तू काढलीस, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. आंब्याचा वास सुटला. म्हणालास, "वाफच तर आहे रे!" वहिनी शेजारी होत्या म्हणून मी गप्प बसलो. पण तेव्हापासून चैन नाही.

वाफ नाही ती, सुध्या. वीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवतोय, एवढं तरी माझं ऐक. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वासाची द्रव्यं तापल्या तारेवर पडून त्यांचे बारीक थेंब तुझ्या छातीत जातात. तार फार तापली की त्याच द्रवातून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन ही विषारी रसायनं तयार होतात. कॉलेजात बेडूक ज्या फॉर्मलिनमध्ये ठेवलेले असायचे, तेच हे फॉर्मल्डिहाइड. तारेतलं निकेल, क्रोमियमही थोडंफार उतरतं.

सिगारेट याहून वाईट, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. तिथं तंबाखू जळतो. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्या जळण्यातूनच येतात. त्या धुरात 7,000 वर रसायनं, त्यांतली सुमारे 70 कर्करोग करणारी. व्हेपमध्ये जळणं नाही, म्हणून यांतलं बरंचसं विष फार कमी.

पण तू सिगारेट सोडलीस कुठं? 2017 साली ब्रिटनमध्ये लोकांची लघवी आणि लाळ तपासली. सिगारेट पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्यांच्या अंगात विषारी द्रव्यं खूपच कमी निघाली. दोन्ही ओढणाऱ्यांत मात्र नुसत्या सिगारेटवाल्यांपेक्षा फारसा फरक नव्हता. टपरीवर चार सिगारेटी आणि घरात हे, म्हणजे तू त्यांतलाच.

शिवाय 2019 पासून आपल्याकडे याच्या विक्रीला बंदी आहे. तुला कोण आणून देतं, त्यात काय भरलंय, कुणाला विचारणार?

आमचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. बिडी सुटली नाही. शेवटची दोन वर्षं आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून रात्र काढायचे. मिरजेला दवाखान्यात तूच डबा घेऊन यायचास. तू ते पाहिलंयस.

निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. 1800-11-2356 हा व्यसन सोडवण्यासाठीचा सरकारी फोन फुकट आहे. लाज वाटत असेल तर मी शेजारी बसतो, तू लाव.

शनिवारी साताऱ्याला येतोय. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढू. मध्ये थांबावं लागलं तरी चालेल, मीही थांबेन.

तुझा,
विन्या