मंजू, तुझ्याकडे एक काम आहे

पुणे

प्रिय मंजू,

परवा फोनवर तू पोटभर हसलीस आणि वर म्हणालीस, "अगं, रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. तू थडगी कसली फिरतेस?" तेव्हा गॅसवर दूध होतं म्हणून फोन ठेवला. आता सविस्तर लिहिते. शेवटी तुझ्याकडे एक काम काढायचं आहे, आणि नीट पटल्याशिवाय तू जागची हलत नाहीस हे शाळेपासून माहीत आहे मला.

आधी एक सांगते, मला मरणाबिरणाची ओढ लागलेली नाही. आमच्या घरी ह्यांना तीच धास्ती होती. सासूबाईंचं वेगळंच. मी कॅमेरा घेऊन परत आले की त्या दारातच अडवतात: आधी अंघोळ, मग चहा. तोवर कशाला शिवायचं नाही. दर्ग्यातून आले तरी तोच नियम, समाधीवरून आले तरी तोच आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतून आले तरी तोच. सर्वधर्मसमभाव आमच्या घरात असा न्हाणीघरातून येतो.

तुला आठवतं, आठवीत आपली सहल वेरूळला गेली होती? वाटेत खुलताबाद लागलं होतं, पण बस थांबली नव्हती. आता मी मुद्दाम तिथेच जाऊन राहिले. काय गाव आहे गं! निजामशाहीचा वजीर मलिक अंबर तिथे पुरलेला आहे. जन्मभर मोगलांशी लढला आणि १६२६ मध्ये गेला. त्याने वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगजेबाने औरंगाबाद केलं, आणि तो औरंगजेबही १७०७ पासून त्याच खुलताबादेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा, तो तानाशाह, ज्याला औरंगजेबाने राज्य बुडवून दौलताबादच्या किल्ल्यात डांबलं, तोही तिथेच. आणि औरंगजेबाच्याच हाताखाली वाढून पुढे हैदराबादची गादी उभी करणारा पहिला निजाम, तो १७४८ मध्ये वारला, त्याची कबर तर रस्त्याच्या पलीकडच्या दर्ग्यात. ज्यांनी एकमेकांना सुखाने जगू दिलं नाही ते सगळे एकाच गावात! इतिहासाच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर मी सनावळ्या अशा रडत पाठ केल्या नसत्या.

औरंगजेबाच्या कबरीवर छप्पर नाही. मधे नुसती माती आणि त्या मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी इंग्रजांच्या काळातली, व्हाइसरॉय कर्झनच्या सांगण्यावरून निजामाने बसवलेली. उलट मलिक अंबरची कबर चांगली घुमटाची, जाळीदार नक्षीची. ती त्याने हयातीतच बांधून घेतली म्हणतात. आल्यागेल्याला मुजावर औरंगजेबाच्या साधेपणाचं कौतुक ऐकवतात. मी ऐकून घेतलं. पण त्याच्या आदल्याच महिन्यात मी वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीपाशी जाऊन आले होते, त्यामुळे तो साधेपणा काही माझ्या घशाखाली उतरला नाही. फोटो मात्र काढला, आणि चांगला काढला. जाळीची सावली मातीवर पडते ती सकाळची वेळ गाठली. मधूनमधून त्या कबरीवरून वाद पेटतो, मग बंदोबस्त वाढतो. तेव्हा कॅमेरा बाहेर काढायच्या आधी विचारायचं, नाही म्हणाले की मुकाट बॅगेत घालायचा.

तर मला काय सापडतं तिथे, हा तुझा प्रश्न. थडग्यात जो आहे त्याच्याबद्दल दगड फारसं बोलत नाही गं. तो पुस्तकात जास्त भेटतो. पण त्याच्या मागे कोण उरलं, पैसे कुणी घातले, कुणी दिवा लावला, कुणी ढुंकून पाहिलं नाही, हे सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. मला त्या मागे राहिलेल्यांचा नाद आहे.

शिवडीचं बघ. आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाच्या मार्केटात तुझ्या लग्नाची खरेदी झाली, त्याच्या कारकिर्दीत १८६०च्या दशकात ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली. तिथे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आहे. आपलं व्ही.टी. बांधणारा! महापालिकेची इमारतही त्याचीच. १९०० साली हिवतापाने इथेच गेला. रोज लाखो माणसं त्याच्या घुमटाखालून लोकल पकडतात, पण शिवडीच्या फाटकावर त्याचं नाव घेतलं तर समोरचा नुसता बघत राहतो. काका बॅप्टिस्टाही तिथेच. टिळकांचे स्नेही, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, पुढे मुंबई महापालिकेचेही अध्यक्ष झाले, १९३० मध्ये गेले. अशा ठिकाणी नुसतं नाव सांगून काही हाती लागत नाही. मृत्यूचं साल आणि तारीख घेऊन जायचं, ऑफिसातल्या माणसाशी गोड बोलायचं, मग रजिस्टर उघडतं. हल्ली मी जाताना चितळ्यांची बाकरवडी घेऊनच जाते.

आता थोडं तंत्राचं. कंटाळू नकोस, पुढे तुलाच लागणार आहे. जुन्या संगमरवरावर अक्षरं कोरून त्यात शिसं भरलेलं असतं. काही वर्षांनी ते शिसं गळून पडतं आणि मागे नुसती बारीक भोकं राहतात. समोरून ऊन असलं की सगळा दगड सपाट दिसतो, काही म्हणजे काही वाचता येत नाही. ऊन बाजूने, दगडाला घासून गेल्यासारखं आलं पाहिजे, म्हणजे भोकाभोकातली सावली जुळून नाव उठतं. मी ड्रेसिंग टेबलचा जुना आरसा पिशवीत ठेवते. झाडाखालच्या दगडावर आरशाने तिरका उजेड टाकायचा आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम असलं काही दगडाला फासायचं नाही. लोक फासतात, अक्षर दिसतं, आणि दगडाची वाट लागते. तारेचा ब्रश तर नकोच. फार तर साध्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा. आणि एक फोटो लांबून घ्यायचा, शेजारपाजार दिसेल असा. शेजार फार बोलतो.

परदेशात पडलेल्यांचं मला जरा जास्तच वाटतं. रत्नागिरीला ब्रह्मदेशाचा थिबा राजा आहे. राज्य १८८५ मध्ये गेलं, आणि तीस वर्षं कोकणात काढून १९१६ मध्ये तिथेच गेला. लोक थिबा पॅलेस बघतात, आंबा-काजूची खरेदी करतात आणि परततात. समाधीकडे क्वचित कुणी वळतं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले होते. आणि आपला बहादूरशहा जफर तिकडे रंगूनला! १८६२ मध्ये इंग्रजांनी त्याला असा पुरला की जागा कुणाला कळू नये. १९९१ मध्ये गटारासाठी खणताना ती कबर सापडली. राजांची अदलाबदल केल्यासारखं झालं हे.

तुझ्या लेकीने इटलीतून पाठवलेला तो फोटो मी जपून ठेवलाय. छत्रीखालचा फेटेवाला अर्धपुतळा बघून तिने विचारलं होतं ना, "मावशी, हा कोण?" ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. युरोपचा दौरा करून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये गेले, अवघ्या विशीत. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, कारण आपल्याकडे संगम लागतो. तिथल्या लोकांनी असं दहन कुठे पाहिलेलं असणार! शेजारच्या पुलाचं नावच पुढे 'हिंदी माणसाचा पूल' अशा अर्थाचं पडलं. पंचगंगेचं पाणी प्यायलेला पोरगा, कुठे जाऊन पोचला बघ.

आता काम. आनंदीबाई जोशी. कल्याणची, आपल्या शाळेच्या भिंतीवर जिचा नऊवारीतला फोटो होता ती. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात एम.डी. झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथे पुण्यात क्षयाने गेली. बावीस पुरी नव्हती झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक हातात होती, पण तिथे रुजूच होता आलं नाही. अस्थी मात्र पुण्यात राहिल्या नाहीत. नवऱ्याने, गोपाळरावांनी, त्या अमेरिकेला पाठवल्या, कार्पेंटरबाईंकडे. या थिओडिशिया कार्पेंटर म्हणजे कुठल्या, माहितेय? न्यू जर्सीतल्या रोझेलच्या! तुझ्या एडिसन गावापासून गाडीने जवळच. दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत असताना एका मिशनरी मासिकात या नवराबायकोबद्दल वाचलं आणि उठून पत्र लिहिलं. आनंदीबाई तिला मावशी म्हणायची. तिनेच स्वतःच्या घराण्याच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला, त्या अस्थी ठेवून वर दगड उभा केला. दगडावर इंग्रजीत नाव, एम.डी., १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ. जात साता समुद्रापार जाऊन दगडावर चढली, हे मला खटकतं. पण परक्या मुलीला आपल्या माणसांत जागा देणाऱ्या बाईशी त्यावरून काय भांडायचं?

इंटरनेटवर त्या दगडाचे फोटो पाहिलेत मी, पण ते नुसत्या दगडाचे. मला शेजार हवाय. तिच्या डाव्या-उजव्या हाताला कोण आहे, कार्पेंटरबाईचा दगड किती लांब, दोन्ही एका चौकटीत मावतात का, हे तुझ्याशिवाय कुणी जाऊन बघणार नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन लाइनची गाडी थेट पोकीप्सीलाच संपते, नदीच्या काठाकाठाने जाते. म्हणजे ड्रायव्हिंगची सबब नको. 'पोकीप्सी रूरल सिमेटरी' असं विचार. ऑफिस उघडं असेल अशा दिवशी जा आणि दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळ. बर्फ पडायच्या आत जमव, नंतर दगड झाकून जातात.

आणि फेब्रुवारीत येशील तेव्हा दोन दिवस मला काढून ठेव. केडगावला जाऊ, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात. आनंदीबाईच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात त्या हजर होत्या. सकाळची दौंडकडची गाडी धरली तर जेवायला परत येता येईल. सासूबाईंच्या अंघोळीची तयारी ठेव, त्या पाहुण्यांनाही सोडत नाहीत.

मेमरी कार्डात जागा करून जा, आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नकोस, त्याने अक्षरं पुसट होतात. मेलने पाठव.

तुझी,
नीला