जोडी नियतीनं ठरवली, पण पोरीला विचारलं का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परीकथांवर बेतलेल्या फँटसी कादंबऱ्यांबद्दल लेख आला होता, असलं वाचून पोरी बिघडतात असा सूर होता, तो काय पटला नाही बघा. माझी पोरगी मोबाईलवर हेच वाचत असते, तिच्या नादानं मीपण बऱ्याच वाचल्या. माझी तक्रार वेगळीय. हिरॉईन जंगलातनं, शापातनं एकटीच्या हिमतीवर जिवंत बाहेर पडते आणि मग कोणतरी येऊन म्हणतो आपली जोडी नियतीनंच जुळवलीय, की झालं, बाईसाहेब गप! जीव वाचवताना एवढं डोकं चालवलं, ते आता कुठं गेलं?

जुन्या गोष्टी जास्त तिखट होत्या. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लाल टोपीवालीला ('लिटल रेड रायडिंग हूड') लांडगा सरळ खाऊन टाकतो, सोडवणारा शिकारी जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये आणला. आणि १७५६ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये तो राक्षस रोज रात्री लग्न करशील का विचारतो, ती नाही म्हणते, आणि तो ऐकून घेतो (हे आजच्या हिरोंना जमत नाही). शेवटी ती हो म्हणते ते स्वतःहून.

आपली सावित्री घ्या. महाभारताच्या वनपर्वात तिनं सत्यवानाला स्वतः शोधून निवडलंय, वर्षभरात तो मरणार हे नारदानं सांगितलं, बाप म्हणाला दुसरा बघ, तरी ही ठाम. नंतर यमाकडनं शंभर पोरांचा वर घेऊन त्याला शब्दात पकडलं. वडाला दोरा गुंडाळताना हे कोण सांगतं?

आणि सोलापूरकरांना लांब कशाला जायचं. संक्रांतीला आपल्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्यात संमती कट्ट्यावर आपण अक्षता टाकतो ते लग्न कुंभारकन्येचं. शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचंय असं आख्यायिकेत तीच म्हणते, ते नाही म्हणतात, तरी ती हटत नाही, मग त्यांच्या योगदंडाशी (हातातल्या काठीशी) तिचं लग्न लागतं, आणि पुढं ती होमाच्या अग्नीत जाते. मागितलं तिनं, निवडलं तिनं, पण गोष्ट सांगताना ती दोन वाक्यात संपते. परंपरा बदला असं मी म्हणत नाही, तेवढं धाडसपण नाही. पण तिच्या तोंडून ही गोष्ट कोणी लिहिली तर? होमाच्या आदल्या रात्री तिच्या मनात काय होतं, ती जगली असती तर काय केलं असतं?

संक्रांतीच्या पुरवणीत कॉलेजच्या पोरापोरींकडनं हे लिहून घ्या. शब्दमर्यादा तुम्ही ठरवा, शेवट मात्र त्यांना ठरवू द्या.

आपली,
एक वाचक, सोलापूर