वाळवीने खाल्लेल्या वहीबद्दल

डब्लिन,
१२ नोव्हेंबर

ती. आजोबांना शि. सा. न. वि. वि.

माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी लागून तुमची शब्दांची वही गेली, हे आईकडून कळलं. दोन दिवस तुम्ही कुणाशी धड बोलला नाहीत म्हणे. फोनवर मला काही सुचलं नाही, म्हणून पत्र.

इथे किल्डेअर स्ट्रीटवर राष्ट्रीय ग्रंथालय आहे. वर घुमट असलेला गोल वाचनकक्ष. शंभर वर्षांपूर्वी फादर डिनीन तिथे रोजचे गिऱ्हाईक. जन्म १८६०, केरीतल्या खेड्यातला. १९०० मध्ये जेझुइट हा ख्रिस्ती धर्मसंघ सोडला आणि १९०४ मध्ये आयरिश-इंग्रजी कोश काढला. पुढे १९१६ च्या ईस्टरला इंग्रजांविरुद्ध झालेल्या उठावात डब्लिनचा मध्यभाग पेटला, त्यात त्या कोशाचे छपाईचे साचे खलास. वय पंचावन्न. जुनाच कोश पुन्हा छापून मोकळं होता आलं असतं. पण हा माणूस कोश वाढवत बसला! दुसरी आवृत्ती आली १९२७ मध्ये, आधीपेक्षा कितीतरी जाड. तुमच्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढीव आवृत्तीही सव्वीस वर्षांनीच आली होती ना, १८३१ नंतर थेट १८५७?

तो जाडजूड कोश मी चाळला. आयरिश शब्द जुन्या गेलिक वळणाच्या अक्षरांत, त्यामुळे आधी अक्षरंच लावत बसलो. नुसता अर्थ देऊन डिनीन थांबत नाहीत. म्हणी, खेड्यातले वाक्प्रचार, सगळं आत. फ्लॅन ओब्रायन या विनोदी लेखकाने पुढे त्या पाल्हाळाची यथेच्छ टिंगल केली. मला तर तो पाल्हाळच आवडला. तुम्हीही 'पाभर' सांगताना अख्खी पेरणी सांगता.

एक शब्द खास तुमच्यासाठी: 'मेहल'. कापणीला शेजारपाजारचे जमून एकाचं शेत उरकतात, ती टोळी. उद्या दुसऱ्याचं. ऑफिसातल्या मित्राने समजावलं आणि मी पटकन म्हणालो, "अरे, ही तर आमची इर्जिक!" मग इर्जिक त्याला समजावताना माझी त्रेधा. नांगरणीला बैल किती जमायचे, जेवणाला काय असायचं, काही सांगता येईना. तुमच्या वहीत ते नक्की असणार.

दिनूकाकाबरोबर दोनशे पानी वही पाठवतोय, पक्क्या पुठ्ठ्याची. पहिला शब्द इर्जिक घाला, आणि जेवणासकट लिहा. पान भरलं की आईला फोटो काढून पाठवायला सांगा. मित्र वाट बघतोय.

आजीला नमस्कार. वही ट्रंकेत ठेवू नका.

तुमचा,
निखिल